पाण्याचा माग काढणाऱ्या ताईंना

ताई,

परवा उद्यानातल्या खुल्या रंगमंचावर मैफल झाली. दुपारी तासभर धो धो पाऊस कोसळून गेला होता, तरी संध्याकाळी लोक हिरवळीच्या पायऱ्यांवर निवांत बसले. कुणाच्या पायाला चिखल लागला नाही. घरी आलो आणि आधी तुम्हाला लिहायला बसलो.

रंगमंचाचा परिसर नव्याने आखायला तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आमची समिती नकाशे पसरून बसली होती. तुम्ही मात्र छत्री घेऊन भर पावसात बाहेर पडलात आणि वाहत्या पाण्याचा माग काढत उतार चढत गेलात. इतकी वर्षं आम्ही रंगमंचासमोरचं तळं उपसत होतो. त्यातलं बरंचसं पाणी वरच्या मैदानातून उतरत होतं, हे तुम्ही अर्ध्या तासात दाखवलंत. माथ्यावर गवताचा उथळ चर काढून ते बाजूला वळवलंत, पायऱ्यांच्या दगडी बांधांमागे खडी भरून छिद्रांचे पाइप टाकलेत. आम्ही हट्टाने मागत होतो ते काँक्रीट लागलंच नाही.

सगळ्यात मोठे आभार त्या डावीकडच्या जुन्या झाडासाठी. पायऱ्या एका रेषेत याव्यात म्हणून त्याच्या बुंध्याभोवती दीड फूट भराव टाकायचा, असं आमचं ठरलं होतं. झाड तोडत नाही ना, मग झालं, असं मलाही वाटत होतं. तुम्ही समजावलंत की झाडाची बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. वर भराव पडला की त्यांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही, काही वर्षांत सुकत जातं, आणि तोवर भरावाची आठवणही कुणाला राहत नाही. मग तुम्ही रेषाच बदललीत. पायऱ्या झाडाला वळसा घालून गेल्या आणि मुळांजवळचं खोदकाम यंत्र न लावता हाताने झालं. त्या दिवसांत तुम्ही रोज सकाळी तिथे उभ्या असायचात.

मागच्या तीन ओळी काढण्यावरून मी तुमच्याशी भांडलो होतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, तिथे बसलेल्याला तानेतलं बारीक काम ऐकूच येणार नाही, असं तुमचं म्हणणं. परवा मुद्दाम सगळ्यात वर जाऊन बसलो. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती बारीक गुंजनसुद्धा ऐकू आली. त्या ओळींच्या जागी खोदकामाच्या मातीचा बांध आला, म्हणून रस्त्याचा आवाजही दबला. आम्ही झुडपांचं कुंपण सुचवलं होतं. पातळ कुंपणाने गाड्या दिसेनाशा होतात, ऐकू येतच राहतात, हे तुमच्याकडून कळलं. पायऱ्यांचे उभे दगड ठेवण्यामागेही कानाचाच विचार होता. ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहाबद्दल तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत. तिथल्या दगडी आसनांच्या ओळी कमी कंपनांचे आवाज, म्हणजे गर्दीची घरघर वगैरे, गाळून टाकतात, असं २००७ मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी मांडलं. तेव्हापासून मी पायरीकडे निराळ्या नजरेने बघतो.

दिवे खाली, पायरीच्या कडेला लावलेत तेही फार छान झालं. आणि ती वाट! १:२० उताराने, म्हणजे वीस फुटांत एक फूट चढत, वळत वळत ती मधल्या ओळीत पोचते. व्हीलचेअरवरून आलेल्या आजी परवा पहिल्यांदाच नातवंडांच्या शेजारी बसून गाणं ऐकत होत्या. आधी त्यांना कडेला, एकटीला बसावं लागायचं.

झाडाला वळसा घालणारी ती ओळ सगळ्यात आधी भरली. पुढच्या मैफलीला या, तिथे तुमची जागा धरून ठेवतो.

तुमचा ऋणी,
उद्यान समितीतला एक श्रोता