पोस्टाच्या काकाजींना, साऱ्या गावासमोर

ती. काकाजींस,
सा. नमस्कार.

पोस्टकार्ड अजूनही ५० पैशांतच मिळतं. कार्डाबद्दल तुम्ही मला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की त्यावरचा मजकूर वाटेत कोणीही वाचू शकतो, म्हणून माणूस त्यावर तेच लिहितो जे गावानं वाचलं तरी चालतं. हे पत्र त्याच जातीचं आहे. गावानं वाचावं म्हणूनच लिहिते. समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "जाय बाई, चहा मांड" म्हणून विषय मोडता. इथं मोडता येणार नाही.

ग्रामीण डाक सेवक ६५ वर्षांचा झाला की घरी जातो. शाल, नारळ आणि एक फोटो. त्या दिवसानंतर खात्याचं तुमच्याकडे काही मागणं उरलं नव्हतं, आणि माझं तुमच्याशी काही नातं नव्हतं. मी पवनीकडची, तुम्ही लाखांदूर तालुक्यातले. दहावीच्या गुणांवर लागलेल्या यादीत माझं नाव आलं आणि तुमची रिकामी झालेली जागा मला मिळाली, एवढाच आपला संबंध.

तेव्हा मी चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामाला होते. यादी लागल्यावर घरात दोन तट पडले. बाबा म्हणत, सरकारी आहे, डोळे मिटून जा. दादा म्हणे, १२,००० रुपयांसाठी पुणं सोडून खेड्यात जाऊन बसणार का? मैत्रिणींचं आणखी तिसरंच. ज्याला त्याला माझ्या आयुष्याबद्दल मत होतं. गाव तरी पाहून यावं म्हणून मी तुमच्याकडे आले, तर तुम्ही मतच दिलं नाही. छपरीत खुर्ची टाकली, काकूंनी पाणी आणलं आणि तुम्ही म्हणालात, "कागद घे, पेन घे. हिशोब लावून पाय."

तो कागद मी जपून ठेवला आहे. एका बाजूला पुणं: पगार, खोलीचं भाडं, मेस, रोजचं बसभाडं, दिवाळीला घरी यायचं तिकीट. दुसऱ्या बाजूला हे काम: चार तासांच्या शाखा डाकपालाला १२,००० मूळ, त्यावर महागाई भत्ता, वर्षाला ३ टक्के वाढ. इथवर कोणीही सांगितलं असतं. तुम्ही पुढचंही लिहायला लावलंत. कायम नोकरदाराला असते तशी पेन्शन इथं नाही. राहायचं याच गावात. पोस्टासाठी जागा आपणच बघायची. "आणि चार तास म्हणतात, पण चार तासांत कधीच होत नाही, हेही लिही," असं म्हणून तुम्ही ती ओळ माझ्याकडून अधोरेखित करून घेतलीत. वर चढायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागते, तीही ओळ आली. शेवटी तुम्ही विचारलंत, "उरलेल्या वेळात काय करशील?" हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं. मी मुक्त विद्यापीठातून अर्धवट राहिलेलं बीए पूर्ण करीन म्हणाले. तुम्ही तेही लिहायला सांगितलंत, पैशांच्या रकान्याबाहेर.

घे किंवा नको घेऊ, यांतलं एकही तुमच्या तोंडून निघालं नाही. तुमच्याइतका हक्कानं सल्ला देणारा माणूस शोधून सापडला नसता, आयुष्य त्याच कामात गेलेलं. तरी तुम्ही सारी खरी माहिती समोर ठेवली आणि निर्णय माझ्याच हातात राहू दिला. मी हो म्हटलं ते आकडे बघूनच. त्यामुळे आज महिनाअखेरीला पैसे पुरत नाहीत तेव्हाही मला कोणी फसवलं असं वाटत नाही. काकाजी, हे लहान देणं नाही.

जागेचा प्रश्नही तुम्हीच सोडवलात. ज्या छपरीत इतकी वर्षं पोस्ट चाललं, ती तुम्ही काढून घेतली नाही. भाड्याची गोष्ट काढली तर काकू रुसल्या.

आता वहीबद्दल लिहिते, कारण ती गावात फार थोड्यांनी पाहिली आहे.

हे काम नव्यानं करणाऱ्याला वाटतं, पाकिटावर पत्ता असतो, वाचायचा आणि द्यायचा. आपल्याकडे पत्ता म्हणजे माणसाचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. घराला नंबर असला तरी तो कोणाला ठाऊक नसतो. एका नावाच्या चार-चार बाया. त्यात लग्नानंतर सासरी नाव बदललेलं: आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, रोजगार हमीच्या जॉबकार्डावर तिसरं, आणि हाक मारायचं चौथंच. म्हातारीला तिच्या कागदावरच्या नावानं हाक मारली तर ती वळूनही पाहत नाही. निराधारचे पैसे आले की हे सगळं जुळवावं लागतं, नाहीतर एकीचे दुसरीला.

तुम्ही माझ्यासाठी एक दोनशे पानी वही नव्यानं लिहून काढलीत. तुमची जुनी वही तुम्हालाच वाचता येत होती, म्हणून. रकाने आखलेले: कागदावरचं नाव, हाकेचं नाव, माहेर, घराची खूण. "अनुसया, हातपंपाजवळची." "अनुसया, पोरगा नागपूरला मिस्त्री." "अनुसया, सगळे कवळू म्हणतात, अनुसया म्हटलं तर ओळखत नाही." आणि शेवटचा रकाना, ज्याच्यावर नुसतं "बोट" लिहिलं आहे.

तो पाहिला तेव्हा मला काही कळलं नाही. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आल्यावर कळलं. दिवसभर बांधीच्या चिखलात पऱ्हे (भाताची रोपं) लावून बायांच्या हाताची कातडी पांढरी, सुरकुतलेली. पैसे काढायचं आधारचं मशीन अंगठा घेतच नाही. आपलेच पैसे आणि आपलाच हात, तरी यंत्र म्हणतं तू ती नाही. लाडकी बहीणचे १,५०० आले की छपरीत रांग लागते, आणि एकेक बाई कपाळाला आठ्या घालून परत फिरते. लोकांना वाटतं आधारला अंगठाच लागतो. दहाही बोटं चालतात, हे तुम्ही मशीन आलं तेव्हा शोधून काढलंत, आणि नंतर एकेकीचं कोणतं बोट लागतं ते टिपून ठेवलंत. "उजवं मधलं." "डाव्या हाताचं चौथं." "कापणीत नको, विळ्यानं चिरलेलं, दिवाळीनंतर." सकाळी शेतात जायच्या आधी यायला सांगायचं, कोमट पाण्यानं हात धुवायला लावायचे, कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि वहीत पाहून ते बोट ठेवायचं. बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात लागतं.

खात्याच्या कोणत्याही प्रशिक्षणात हा रकाना नाही. कोणी तुम्हाला तो भरायला सांगितला नव्हता, त्याचे पैसे मिळाले नाहीत, आणि निवृत्त झाल्यावर तो मला दिला नसता तरी कोणी जाब विचारला नसता. त्या वहीमुळे किती बायांची एक-एक मजुरी वाचली असेल! पैसे निघाले नाहीत की त्यांना दुसऱ्या दिवशी काम पाडून पुन्हा यावं लागतं.

वही देऊन तुम्ही थांबला नाहीत. तुमची सायकल, माझी सायकल, असं आपण पावसाळाभर बीट, म्हणजे टपाल वाटायचा सगळा भाग, फिरलो. तलावाच्या पाळीवरून पलीकडच्या टोलीवर जायचा रस्ता कधी बंद होतो, मशीनला रेंज पाळीवरच्या मोठ्या चिंचेखालीच का मिळते, मोहफुलाच्या दिवसांत भल्या पहाटे जंगलकडेच्या घरांकडे का जायचं नाही (अस्वल), हे सगळं चालता चालता. आपल्या भंडारा-गोंदियातले हे मालगुजारी तलाव मी लहानपणापासून पाहते, पण कोहळी लोकांनी ते कसे बांधले, पाट कुठून काढले, हे तुम्ही दाखवल्यावर नीट पाहिले.

काही गोष्टी तुम्ही फक्त करून दाखवल्या, सांगितल्या नाहीत. बँकेची नोटीस असली तर तुम्ही ती चौकात देत नव्हता. "भाऊ, पाणी पाज," म्हणून घरात शिरायचं, माणूस एकटा असला की कागद काढायचा, वाचता येत नसेल तर हळू आवाजात वाचून दाखवायचा, आणि तारीख कोणती, कुठं जायचं, तेवढं त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायचं. म्हातारीचे पैसे म्हातारीच्याच हातावर मोजायचे, सून कितीही चांगली असली तरी. २०२५ मध्ये १ सप्टेंबरपासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हा तुम्ही स्वतः छपरीत येऊन बसलात आणि येणाऱ्या प्रत्येकाला समजावलंत, कोर्टाचे, बँकेचे कागद आता या मार्गानं येतील, घाबरायचं नाही, सही पूर्वीसारखीच द्यायची. बारशाचं बोलावणं आलं की सुकन्या समृद्धीचा फॉर्म सोबत न्यायची तुमची सवय मी उचलली आहे. मुलगी दहा वर्षांच्या आत असली की खातं निघतं, वर्षाला किमान २५० रुपये. बारशात आजी-आजोबा, मामा सगळे हजर असतात आणि सगळ्यांचा हात खिशाकडे असतो. घरोघरी फिरून जे जमत नाही ते त्या एका दुपारी जमतं.

आणि गंमत. हिच्याबद्दल लिहिलं नाही तर पत्र अर्धंच राहील.

पुण्याहून आले तेव्हा संध्याकाळ झाली की मला गाव खायला उठायचं. पोस्ट बंद, अभ्यासात मन नाही, खोलीत मोबाईल घेऊन बसायचं. तुम्हाला ते दिसलं असावं. श्रावणात राख्यांची पाकिटं यायला लागली तेव्हा तुम्ही तुमचा जुना खेळ मला शिकवला. पाकिट उलटं धरायचं, पाठवणारीचं नाव झाकायचं, आणि अक्षरावरून सांगायचं, ही कोणाची लेक, कुठं दिली. हरणाऱ्यानं चहा करायचा. तुम्ही क्वचितच हरता. काकू मधेच येऊन नुसती शिक्क्याची जागा बघतात आणि दोघांनाही हरवतात. त्या खेळात मला अर्ध्या गावाच्या लेकी कुठं नांदतात ते पाठ झालं, ते पुढं कामी किती आलं!

भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू, आणि मंडईच्या रात्री नाटक. माझ्या गावातही नाटकं व्हायची, पण तुमच्यासोबत नाटकाला जाणं वेगळंच. वडशाच्या झाडीपट्टी नाटक कंपन्यांची पोस्टरं लागली की तुम्ही चष्मा पुसून नटांची नावं वाचता, कोण कोणत्या कंपनीतून कुठं गेलं ते सांगता. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती बातमी तुम्ही अजून घरच्या माणसाला मिळाल्यासारखी सांगता. घोंगडी, चटई, काकूंच्या हातचे लाखोरीचे वडे. नाटक रात्री उशिरा सुरू होणार, पहाटे संपणार. विनोदी नट आला की तो बोलायच्या आधीच तुम्ही हसायला लागता, मग आम्ही सगळे तुम्हाला पाहून हसतो. आणि उजाडल्यावर तोंडावर पाणी मारून, "चाल, टपालाची थैली यायची वेळ झाली."

तुमच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर पाहिलेल्या नाटकांची यादी आहे. नाटकाचं नाव, गाव, सोबत कोण होतं. मी ती न विचारता वाचली नाही, तुम्हीच दाखवलीत. अलीकडच्या ओळींत सोबतीला माझं नाव आहे. मी त्या दिवशी घरी फोन करून आईला सांगितलं.

पुण्यात माझे दिवस वाईट नव्हते, कोणाबद्दल तक्रार नाही. पण कामाचं माणूस आणि बसायचं माणूस तिथं वेगळं होतं. इथं ज्यांच्या कागदावर सकाळी शिक्का मारते त्यांच्याच चटईवर रात्री बसते, आणि ते जमलं कारण तुम्ही मला हाताला धरून त्या चटईवर नेलंत. "आपली पोस्टातली पोरगी आहे," एवढीच ओळख करून दिलीत. तेव्हापासून गाव मला त्याच नावानं ओळखतं.

काकूंचेही आभार, वेगळे आणि तुमच्याइतकेच. वहीतल्या माहेरच्या रकान्यातली अर्धी माहिती त्यांची आहे, हे तुम्ही स्वतः सांगता.

बीएचं शेवटचं वर्ष सुरू आहे. खात्याच्या परीक्षेचा फॉर्म निघाला की भरावा असं मनात आहे, पण त्यात बदलीचा प्रश्न येतो, तेव्हा त्याचाही एकदा कागदावर हिशोब लावू.

या उन्हाळ्यात गावात आलेल्या नव्या सुनांची नावं वहीत चढवायची राहिली आहेत. टोलीवरच्या दोघींची माहेरं मला कोणी नीट सांगितली नाहीत, काकूंना विचारून ठेवा. रविवारी दुपारून येते. वडे करू नका म्हणावं, आईनं घरून झिंगे दिले आहेत, ते घेऊन येते. आणि यंदाच्या मंडईची तुमची दोघांची तिकिटं मी काढणार आहे, त्यावर वाद नको.

तुमची,
पोस्टातली पोरगी