बीपीची गोळी परस्पर बंद नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवरात्र तोंडावर आलं की औषधाच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर येतं : 'नऊ दिवस उपास आहे, बीपीची गोळी नंतर नेते.' ती गोळी बीटा-ब्लॉकर असेल तर हे अंगाशी येऊ शकतं. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही या गटातली नेहमीची औषधं. स्ट्रिपवर कंपनीने दिलेल्या नावासोबत औषधाचं मूळ नावही असतं. तेवढं चष्मा लावून वाचावं.

ही औषधं अ‍ॅड्रेनॅलिन या संप्रेरकाचा हृदयावरचा जोर अडवतात, ठोके मंदावतात. पण दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम थांबवली की दबून राहिलेला तो जोर उसळतो. छाती धडधडते, बीपी चढतो आणि आधीच रक्तवाहिन्या अरुंद असलेल्याला हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर ती थांबवताना डोस हळूहळू उतरवतात. मधुमेह्यांनी तर उपासात जास्तच जपावं : साखर उतरल्यावर होणारी धडधड या गोळीमुळे जाणवतच नाही, दरदरून घाम मात्र फुटतो.

दुसरीकडे, 'बीटा-ब्लॉकर जुनाट झाले' असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यात अर्धंच सत्य आहे. २००२ च्या 'लाइफ' या औषध-चाचणीत अ‍ॅटेनोलॉलपेक्षा लोसार्टन हे दुसऱ्या गटातलं बीपीचं औषध घेणाऱ्यांना पक्षाघात कमी झाले. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २००६ मध्ये साध्या रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकरला पहिल्या पसंतीतून वगळलं. पण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना, हृदय कमजोर असलेल्यांना किंवा ठोके अनियमित पडणाऱ्यांना ती आजही लागतात. गरोदरपणातल्या रक्तदाबावर याच गटातलं लॅबेटॅलॉल देतातच. आपली गोळी यांतल्या कशासाठी आहे, हे मोबाइल कसं सांगणार?

खरी गोम वेगळीच आहे. अ‍ॅम्लोडिपिन-अ‍ॅटेनोलॉलची जोडगोळी, म्हणजे दोन औषधं एकाच गोळीत, कात्रीने कापलेली रिकामी स्ट्रिप दाखवली की वर्षानुवर्षं विकली जाते. मूळ चिठ्ठी कधीची, हे गिऱ्हाईक सांगत नाही आणि आम्ही दुकानदार विचारत नाही. डॉक्टरांना विचारून बदलता आली असती अशी गोळी चालू राहते आणि चालू ठेवायची ती सणासुदीला बंद पडते.

अन्न व औषध प्रशासनाने निदान एवढं करावं : या गोळ्यांच्या पाकिटावर 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय अचानक बंद करू नये' असा मराठी शिक्का मारणं दुकानदारांना सक्तीचं करावं. खर्च एका रबरी शिक्क्याचा आहे.

– एक निवृत्त औषधविक्रेता, कराड