अव्वा, कौदी झाली एकदाची!

अव्वा,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवणारे. कानडी घरातल्या असून मराठी तुम्ही आम्हा शेजाऱ्यांपेक्षा फर्डी बोलता, पण वाचायचं म्हणलं की "डोळ्यात मोतीबिंदू हाय, तूच वाच" म्हणून मोकळ्या होता. नातीला बजावून सांगितलंय की मधलं काही गाळायचं नाही, तुमच्याबद्दलची तक्रार आली तरी. आणि हे असं सगळ्यांसमोर का लिहितेय तर घरी येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "साकु, साकु", म्हणजे पुरे पुरे, म्हणता आणि हातात शेंगाचटणीची पुडी कोंबून मला दाराबाहेर काढता.

तर कौदी. आम्ही गोधडी म्हणतो, माझ्या सासूबाई वाकळ म्हणतात, तुम्ही कौदी म्हणता, वस्तू एकच. बहिणीच्या बाळाचं पहिलं बोरन्हाण होतं, काळं झबलं काय सगळेच शिवतात, हलव्याचे दागिने विकत मिळतात, मग आपण मावशी म्हणून काहीतरी वेगळं करू, बाळाला बसवायला आईच्या जुन्या चंद्रकळेची गोधडी करू, अडीच फूट बाय तीन फूट, एवढुशी तर आहे, दिवाळी झाली की धरायची आणि डिसेंबरात हातावेगळी करायची, असा माझा हिशोब. जिनं शर्टाची गुंडी सोडून आयुष्यात काही शिवलं नाही तिचा हिशोब असाच असणार म्हणा.

पहिला घोळ मी आतल्या थराचा केला. सोलापुरात राहून गोधडीत चादर नाही घालायची तर काय घालायचं, म्हणून माळ्यावरची जुनी सोलापुरी चादर कापून आत घातली. जाड सूत, दोन्ही बाजूंनी भरलेली नक्षी, सुई वरून खुपसली तर खालून बाहेरच येईना, आणि आली ती थेट माझ्या बोटात. कट्ट्यावर बोट चोखत बसले होते तेव्हा तुम्ही दूध घेऊन चालला होता. "काय करलालीस ग?" विचारलंत, गोधडी उलटी केलीत, आणि एवढंच म्हणालात, "चादर पांघरायची असतीय, शिवायची नसतीय." दुसऱ्या दिवशी तुमच्या दोन विरलेल्या सुती साड्या घेऊन आलात आणि माझ्याकडनं आठ दिवसांची शिवण उसवून घेतलीत. स्वतः एक टाका उसवला नाहीत. मला तेव्हा जाम राग आला होता, हीच ती तक्रार, वाच ग नाती मोठ्यानं.

पण तुम्ही साड्या घालून दिल्या आणि सुई लोण्यात गेल्यासारखी जायला लागली. कडेपासून सुरू करायचं, चौकोनात फिरत फिरत आत यायचं, धावदोरा, दर वेळी दोन बोटांचं अंतर, हे तुम्ही सांगितलंत. आणि तपासायचात कसं तर डोळ्यांनी नाहीच. आडवा अंगठा ओळीवरनं फिरवायचा, फिरवत फिरवत एका जागी थांबायचं, आणि तिथं नखानं खूण करायची. "हितं टाका लांब झालाय. लेकराचं बोट अडकंल." मी बघायचे तर खरंच तांदळाच्या दाण्याएवढा टाका पाहिजे तिथं शेंगदाण्याएवढा घातलेला असायचा. मला वाटत होतं बारीक टाके म्हणजे नुसतं दिसायला छान. बाळाच्या पायाच्या बोटाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता, आणि तुम्हाला नीट दिसत नसताना तो तुमच्या अंगठ्याला माहीत होता.

आता आमच्या घरातल्या दोघांबद्दल. तुम्हाला जनावर उंबऱ्याच्या आत चालत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. आमच्याकडे मनी मांजर, पांढरीशुभ्र, आणि गड्ड्या कुत्रा, जो मागच्या वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या, जत्रेत पाळण्याखाली सापडला म्हणून गड्ड्या. काळ्या चंद्रकळेवर पांढरी मांजर रोज दुपारी झोपली तर काय होतं ते सांगायला नको, गोधडी कमी आणि बर्फी जास्त दिसायला लागली. ब्रशनं घासलं, सेलोटेप लावली, काही नाही. भांडी घासायचा रबरी ग्लोव्ह ओला करून एकाच दिशेनं फिरवायचा, केसांच्या गुंडाळ्या होऊन निघतात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं, ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी लिहून ठेवा. पहिल्याच दिवशी मनी उडी मारून तुमच्या मांडीवर बसली तेव्हा मला वाटलं झालं, आता अव्वा परत येत नाहीत. तुम्ही अंग चोरलंत, पदर आवरलात, आणि बोलणं चालू ठेवलंत. चौथ्या दिवशी बघते तर एक हात गोधडीवर आणि दुसरा तिच्या कानामागं. मी काही बोलले नाही, आत्ता बोलतेय.

मांजर आणि दोरा हे एका घरात किती धोक्याचं आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं की मांजराच्या जिभेवर मागं वळलेले बारीक काटे असतात, दोरा जिभेला लागला की बाहेर थुंकता येत नाही, आतच जातो, आणि आतड्यात अडकला तर आतडं चुणीसारखं गोळा होतं, ऑपरेशनपर्यंत जातं. आणि दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तर आपण ओढायचं नाही, सरळ दवाखाना. हे ऐकून तुम्ही नियम घातलात, सुया तीनच, उठताना तिन्ही मोजून डब्यात, तोडलेला दोरा लगेच कमरेच्या पिशवीत. डबा तुमचाच, लोणच्याचा, झाकण फिरवायचं, त्याला अजून वास येतो.

संक्रांत हुकली ती गड्ड्याच्या जत्रेच्या धांदलीत, आणि उरलीसुरली आशा गेली ती नंतरच्या शोभेच्या दारूकामात. तुमच्या घरी त्या आठवड्यात श्वास घ्यायला फुरसत नव्हती, 68 लिंगांना तेल घालायचा दिवस, मग अक्षता, तुमचा मुलगा मिरवणुकीतला उंच नंदीध्वज धरायला, त्यासाठीचे पांढरे अंगरखे, बाराबंद्या, दोरीवर, आणि मी येडी शेजारच्या दोरीवर चंद्रकळेचा उरलेला तुकडा पिळून टाकलेला, रंग जातो का बघायला. गेला ना रंग, ठिपकत होता. वारा उलटा असता तर हे पत्र माफीपत्र झालं असतं. (त्या तुकड्यामुळंच शहाणी झाले, गोधडी झाल्यावर पाणी स्वच्छ निघेपर्यंत चार वेळा धुतली, बाळ सगळं तोंडात घालतं.) तर दारूकामाच्या रात्री होम मैदानावर पहिला बार उडाला आणि आमचा गड्ड्या, ज्याचा जन्मच जत्रेतला, तो सैरभैर होऊन अर्धवट गोधडीत शिरला, आतल्या आत गरागरा फिरला, दोरा तुटला, थर सरकले, आणि भीतीनं जे व्हायचं ते पण झालं. रात्री अकराला मी बाथरूममध्ये गोधडी धूत रडत होते. सकाळी तुम्हाला म्हणलं, अव्वा, आता राहू दे, झबल्यावर भागवू. तुम्ही म्हणालात, "बोरन्हाण रथसप्तमीपतूर चालतंय की. रड आवर, दोरा वव."

हे मला कुणी सांगायला पाहिजे होतं! एवढी साधी गोष्ट, मला माहीतच होती, पण त्या क्षणी डोक्यात नुसतं चौदा जानेवारी बसलं होतं.

आणि आता ती रात्र. रथसप्तमी रविवारी, बहीण शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं येणार, रांगणारं बाळ घेऊन. संध्याकाळी आठला मी डबा उघडते तर सुया दोनच. दोरा ओवलेली तिसरी नाही. मनी पलंगाखाली जिभल्या चाटतेय. माझे हातपाय गार पडले, एकीकडे मांजराच्या पोटात सुई, दुसरीकडे दोन तासांनी त्याच फरशीवर बाळ रांगणार, नवरा टॉर्च घेऊन पालथा पडलेला आणि मला विचारतोय की नक्की तीनच होत्या का. तुम्हाला कुणी बोलावलं ते मला अजून माहीत नाही. तुम्ही आलात ते नातवाच्या फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक पदराला बांधून. ते तुम्ही पायमोज्यात घातलंत, दोरी बांधलीत, आणि मला फरशी चौकटीप्रमाणे वाटून दिलीत, एक ओळ झाली की पुढची, मधे उडी मारायची नाही, कौदीसारखंच, कडेपासून आत. एक टाचणी निघाली, एक हेअरपिन, सोफ्याखालून स्टेपलरची पिन. सुई नाही. मग तुम्ही गोधडी मांडीवर घेतलीत आणि डोळे मिटून अंगठा फिरवायला लागलात. तिसऱ्या फेरीत अंगठा थांबला. सुई आत, दोन साड्यांच्या मधे, आडवी सरकून बसलेली, दोऱ्यासकट. तुम्ही ती ओढून काढली नाहीत, माझा हात धरून तिथं ठेवलात आणि म्हणालात, "काढ तू." सव्वानऊ वाजले होते.

अव्वा, खरं सांगते, मला आभार मानायचेत ते ह्याचे. ती सुई तुम्ही काढू शकत होता. ती अख्खी गोधडी तुम्ही, डोळे अधू असले तरी, माझ्या निम्म्या वेळात शिवू शकत होता, पहिल्याच आठवड्यात कंटाळून "आण इकडं" म्हणला असता तर मी आनंदानं दिली असती. दोन महिन्यांत एकदाही माझ्या हातातली सुई तुम्ही घेतली नाहीत.

त्याच रात्री, बाळ झोपल्यावर, आपण मधला शेवटचा चौकोन घेतला. तुमच्याकडची पद्धत, कौदीचं पोट रिकामं ठेवायचं नाही, शिवण बंद करायच्या आधी पोळीचा घास आत. तुम्ही पोळी नाही, कडक भाकरीचा नखाएवढा तुकडा आणलात, हळदीचं बोट लावून, म्हणजे मुंग्या नाहीत आणि बुरशी नाही. मी शेवटचे सात टाके घातले. तुम्ही अंगठा फिरवलात आणि कुठंच थांबला नाहीत.

बोरन्हाण झकास झालं. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, बाळाच्या डोक्यावरून ओतलं, बाळानं हलव्याचा हार चाखून बघितला आणि थुंकला, गड्ड्यानं चुरमुरे साफ केले. एवढं होईपर्यंत सगळं ठीक. आम्ही आत जेवायला बसलो आणि त्याला कडक भाकरीचा वास लागला. बाहेर येऊन बघतो तर कौदीचं पोट उकरलेलं, भाकरी गायब, कुत्रा मिटक्या मारतोय. मी तुमच्याकडं बघितलं, म्हणलं आता ओरडणार. तुम्ही पोट धरून हसलात, गड्ड्याला "बा इल्ली", इकडं ये, म्हणून बोलावलंत, आमच्या घरात, उंबऱ्याच्या आत, आणि म्हणालात, "कौदीचं न्हाई तर न्हाई, ह्याचं तरी भरलं."

भोकावर आता आईच्या खणाचं तांबडं ठिगळ आहे, तिरकं बसलंय, बहिणीला तेवढंच सगळ्यात आवडलं. नवीन घास आत घातला नाही, तेवढा नियम मोडला, गड्ड्याला ओळखून आहे मी.

मोजा आणि लोहचुंबक नातीबरोबर पाठवतेय. त्याला चिकटलेल्या टाचण्या आमच्याच आहेत, काढून ठेवा. लोणच्याचा डबा मात्र देत नाही.

तुमची,
कोपऱ्यावरची