रेलिंगच्या पुढची गुहा

प्रिय मंग्या,

फोनवर म्हणालास ना की गुहेत बघायचं काय, सगळीकडे तेच लोंबणारे लवणस्तंभ, तेव्हाच ठरवलं की तुला सविस्तर लिहायचं. अरे, रेलिंग आणि रंगीत लाइट संपतात तिथून पुढे खरी गंमत आहे!

हेलिक्टाइट घे, म्हणजे गुहेच्या भिंतीवर-छतावर वाढणारा वाकडातिकडा, बारीक दगडी फाटा. लवणस्तंभ सरळ खाली येतो कारण थेंब खाली ओघळतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि थोडं कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं खनिज, मागे राहतं. हेलिक्टाइट मात्र आडवं जातं, मधेच वर वळतं, पीळ घेतं. त्याच्या पोटात केसासारखी बारीक नळी असते आणि पाणी तिच्यातून इतकं हळू झिरपतं की टोकाला थेंबच धरत नाही, मग खाली ओढायला वजनच नाही, स्फटिक जिकडे वळेल तिकडे ते वाढत जातं. मला सगळ्यात जास्त हेच आवडतं.

आणि लेचुगुइयाची गुहा! अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये. 1986 पर्यंत लोकांना तो एक साधा खड्डा वाटायचा, पण तळाच्या दगडमातीतून वारा यायचा म्हणून काही जणांनी परवानगी काढून खणलं आणि पुढे गुहाच गुहा, आजवर 240 किमीच्या वर मोजून झालीये. चुनखडीतल्या बहुतेक गुहा पावसाच्या सौम्य अ‍ॅसिडने वरून कोरल्या जातात, ही मात्र खालून वर आलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड होऊन कोरली गेली, आणि त्यातूनच बनलेल्या जिप्समची 6 मीटरपर्यंत लांब पांढरी झुंबरं तिथे छताला आहेत. आपल्याला प्रवेश नाही, फक्त संशोधक आणि सर्व्हे करणारे. मला ते शंभर टक्के पटतं.

मेक्सिकोतल्या व्हिला लुझच्या गुहेत तर छताला बॅक्टेरियाचे शेंबडासारखे चिकट धागे लोंबतात आणि त्यांच्या टोकाला अ‍ॅसिडचे थेंब, कातडी भाजेल इतके तीव्र.

लेचुगुइयात आपल्याला प्रवेश नाही ते का पटतं सांगतो. जिथे कायम दिवे लावलेत तिथे भिंतींवर हिरवं शेवाळ धरतं, आणि हाताचं तेल लागलं की त्या जागी पाणी नीट धरत नाही, वाढ थांबते आणि दगड काळा पडतो. हजारो वर्षांचं काम एका बोटाने बंद, विचार कर. लोक पोचत नाहीत म्हणूनच या गोष्टी अजून पांढऱ्याशुभ्र आहेत.

तू खरंच एखाद्या ग्रुपबरोबर गुहेत जाणार असशील तर जा, पण गुहांची माहिती असलेला माणूस सोबत हवाच. हेल्मेट, प्रत्येकाकडे तीन वेगवेगळे दिवे, आणि बाहेर कुणाला तरी परतायची वेळ सांगून ठेव. मळलेली वाट सोडू नकोस. छताकडे बघत चालू नकोस, थांब आणि मग बघ, कारण खालच्या खळग्यांत गुहेतले मोती असतात, वाळूच्या कणावर कॅल्साइटचे थर चढून झालेले, वरून थेंब पडून पाणी हलत राहतं म्हणून तळाला न चिकटता गोल झालेले, आणि ते बुटाखाली सहज चिरडतात. फोटो भरपूर काढ, हेलिक्टाइटचे तर जवळून, आणि आल्याबरोबर मला पाठव.

तुझा,
बंड्या