गॅस संपत नसतो, गळतो

ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एसीनं घर गरम कसं होतं गं? आणि होत होतं, तर मग बिघडलं काय?" आवाज सारखा तुटत होता म्हणून अर्धवटच सांगितलं. आता आमचा हीट पंप, म्हणजे घर गरमही करणारा एसी, नीट चालायला लागलाय, तेव्हा सगळं सविस्तर लिहिते.

जुन्या फ्रिजच्या मागची जाळी हाताला गरम लागायची, आठवतं? फ्रिज आतली उष्णता उपसतो आणि त्या जाळीवाटे खोलीत सोडतो. हीट पंपही तेच करतो, फक्त तो घराबाहेरच्या हवेतून उष्णता उपसतो. उणे पाच अंशांच्या हवेतही उष्णता असतेच. बाहेरच्या कॉइलमधला, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यातला, गॅस त्याहून थंड असला की ती गॅसकडे येते. आमच्या यंत्रात आर-४१०ए नावाचा गॅस आहे. हवेच्या नेहमीच्या दाबाला तो उणे ५१ अंशांच्या आसपास उकळतो, म्हणून इतक्या थंडीतही त्याची वाफ होऊ शकते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो आणि ती घरातल्या कॉइलमध्ये उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. उन्हाळ्यात हाच फेरा उलटा फिरतो. दिशा बदलायला चार तोंडांचा एक व्हॉल्व्ह असतो, त्याला रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात.

बाहेर आठ-दहा अंश असले की एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते. उणे आठ-दहाला तीच दोनाच्या आसपास येते. म्हणजे घराला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच पंपाची ताकद कमी पडते. म्हणून आतल्या युनिटात जोडीला विजेची हीटर कॉइल असते, गीझरसारखी. ती एका युनिटात एकाच युनिटाची उष्णता देते. बाबा, आमची फसगत झाली ती या कॉइलमुळे. पंप बाहेर गोठून बसला होता आणि घर मात्र उबदार होतं. तीन आठवडे आम्हाला पत्ताच नव्हता. फक्त मीटर दुपटीनं पळत होता, आणि मी समजत होते की थंडी वाढलीय म्हणून.

मग एका रात्री पारा फार उतरला आणि सकाळी घरात वीसच्या जागी सतरा अंश. झरोक्यासमोर हात धरला तर हवा कोमट. पण हातावर भरवसा ठेवता येत नाही. पंपाची हवा चांगली चालू असतानाही ३२ ते ३८ अंशांचीच असते आणि आपलं अंग ३७ अंशांचं, त्यामुळे ती गार भासू शकते. म्हणून थर्मामीटर घेतला. आधी थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवायचं बटण, थोडा खाली आणला, म्हणजे जोडीची कॉइल बंद पडेल आणि एकट्या पंपाचं खरं काम दिसेल. यंत्रात जाणारी हवा १९ अंश, बाहेर पडणारी २४. फरक फक्त पाचाचा. दहा-बाराचा तरी हवा होता.

फिल्टर पाहिला. धूळ होती, बदलला. उन्हाळ्यात फिल्टर तुंबला की आतली कॉइल गोठते. हिवाळ्यात उलट होतं, आतल्या कॉइलची उष्णता निघत नाही, दाब चढतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. नवीन फिल्टरनं फरक पाचाचा सहा झाला, बस्स.

मग बाहेर जाऊन पाहिलं. युनिटवर हिवाळ्यात पांढरं दव गोठतंच, ते चालतं. ठरावीक वेळानं युनिट चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड कॉइलचं तापमान बघतो आणि गरज असेल तर व्हॉल्व्ह उलटा फिरवतो. बाहेरचा पंखा थांबतो, गरम गॅस कॉइलमधून फिरतो आणि काही मिनिटांत दव वितळतं. याला डीफ्रॉस्ट म्हणतात. आमच्या युनिटवर दव नव्हतं, बर्फाची भिंत होती. काचेसारखी, बोटभर जाड, वरपासून खालपर्यंत सगळीकडे सारखी. खिडकीशी खुर्ची टाकून दोन तास बसले. एकदाही डीफ्रॉस्ट झालं नाही.

पहिला मेकॅनिक आला, त्यानं गॅसचा दाब मोजायचा गेज लावला आणि म्हणाला, गॅस कमी झालाय, भरून टाकू. मला तिथल्या तिथे तुमचा आवाज ऐकू आला. विजेच्या मोटारींचं वायंडिंग भरायच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये कुणी फ्रिजबद्दल विचारायला आलं की तुम्ही म्हणायचात, "गॅस म्हणजे पेट्रोल नाही. तो संपत नसतो, गळतो. आधी गळती दाखव, मग भर." मी त्याला गळती कुठे आहे ते विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कॉइलवर बर्फ असताना हवा आत जातच नाही, मग दाब कमी दिसणारच. शिवाय गॅस खरोखर कमी असता तर बहुधा कॉइलचा एखादाच भाग गोठला असता आणि बाकीची कोरडी राहिली असती. मी गॅस भरू दिला नाही. बाबा, ही गोष्ट तुम्हाला सांगायची मला फार घाई झाली होती.

थर्मोस्टॅट इमर्जन्सी हीटवर टाकला, म्हणजे घर फक्त हीटर कॉइलवर. युनिटचा ब्रेकर पाडला आणि कोमट पाण्याच्या बादल्या ओतून बर्फ उतरवला. उकळतं पाणी घ्यायचं नाही आणि बर्फ टोचून काढायचा तर मुळीच नाही. पत्र्याच्या पापुद्र्यांमागेच गॅसची नळी असते. एक टोचा बसला की खरोखरची गळती तयार.

दुसरे मेकॅनिक वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी गेज काढलाच नाही. बॅटरी घेतली, बाजूचा पत्रा उघडला, कॉइलच्या नळीवरून बोट फिरवत खाली आले आणि थांबले. "बघा," म्हणाले. पेन्सिलीच्या टोकाएवढा सेन्सर, आपल्याच वायरवर लोंबकळत होता. नळीला धरणारी क्लिप गंजून तुटली होती. सेन्सर नळीचं तापमान न घेता भोवतालच्या हवेचं घेत होता. घर गरम करताना नळी हवेपेक्षा गार असते, त्यामुळे बोर्डाला वाटत राहिलं की कॉइल ठीक आहे. बर्फ चढत गेला तरी डीफ्रॉस्टचा हुकूम सुटलाच नाही.

नवी क्लिप बसवली, सेन्सर घट्ट दाबला, वरून इन्सुलेशन गुंडाळलं. मग पंप चालू करून बोर्डावरच्या टेस्टच्या दोन पिना जोडून डीफ्रॉस्ट मुद्दाम सुरू केलं. फुस्स असा मोठा आवाज झाला, व्हॉल्व्ह फिरल्याचा. पंखा थांबला आणि युनिटमधून वाफेचे लोट निघाले. आधी माहीत नसतं तर जळतंय म्हणून मी धावत सुटले असते. तासाभरानं पुन्हा थर्मामीटर लावला. यंत्रात जाणारी हवा १९, बाहेर पडणारी ३१.

एक सवय मीही बदलली. रात्री तापमान चार अंशांनी खाली आणायचे आणि सकाळी एकदम चढवायचे. एवढी मजल मारायची म्हटलं की थर्मोस्टॅट लगेच हीटर कॉइल पेटवतो आणि रात्रभर वाचवलेली वीज तासात जाते. आता रात्रंदिवस वीसवरच असतं.

आता तुमच्याशी बोलायचं काम. जाताजाता त्यांनी कपॅसिटर, म्हणजे मोटारी चालू व्हायला जोर देणारा डबा, डिस्चार्ज करून मोजून दाखवला. कॉम्प्रेसर आणि पंखा दोघांना मिळून एकच डबा आहे, त्यावर ३५ आणि ५ मायक्रोफॅरड छापलंय, सहा टक्के वर-खाली चालेल असं. पंख्याची बाजू बरोबर पाच भरली. कॉम्प्रेसरची ३१ आली, म्हणजे हिशेबानं ३३ च्या खालीच. ते म्हणाले, हिवाळा काढेल कदाचित. मला कॉम्प्रेसरला अर्धपोटी चालू करायला लावायचं नाही, या आठवड्यात बदलूनच घेते. लेबलचा फोटो आईच्या फोनवर पाठवलाय. व्होल्टेज ३७० लिहिलंय, इथे ४४० चा मिळतोय. माझ्या समजुतीप्रमाणे मायक्रोफॅरड तेच ठेवून व्होल्टेज जास्त असलेला चालतो. तुम्ही चष्मा लावून एकदा लेबल वाचा आणि हो म्हणा, मग मागवते.

आईला नमस्कार.

तुमची,
मोठी