पंधराचे अठरा: खिडकीवाल्याच्या व्हॅटबद्दल

लेस्टर,
५ नोव्हेंबर २०२५

चि. मकरंद यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता पाहिला. खिडक्या धुणाऱ्या त्या अशिलाने व्हॅटचा नंबर घ्यावा का, एवढंच तुझ्या साहेबांनी विचारलंय, आणि तू उत्तर लिहून ठेवलंयस: '८२,६०० पौंड झालेत, ९० हजारांच्या आत आहे, गरज नाही.' ते अजून पाठवू नकोस. आजच्या पुरतं उत्तर बरोबर निघेल, पण आकडा चुकलाय आणि प्रश्नही अर्धाच सोडवलायस.

आधी आकडा. तू बँकेत जमा झालेली रक्कम धरलीस. गिऱ्हाइकांच्या खात्यातून पैसे वळते करून घेणारी डायरेक्ट डेबिटवाली कंपनी आपलं कमिशन कापून पैसे पाठवते. उलाढाल मात्र कमिशन कापण्याआधीची धरायची, म्हणून ७८० पौंड परत मिळव. दुसरं म्हणजे काम ज्या दिवशी झालं तो दिवस बघायचा, पैसे आले तो नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात धुतलेल्या घरांचे १,२४० यायचे आहेत, ते मिळव. आणि इथे सगळे विसरतात ते म्हणजे दुसरं टोक. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरचं काम, ज्याचे पैसे नोव्हेंबर २०२४ मध्ये आले, ते ६२० तुझ्या बारा महिन्यांत घुसलेत. ते वजा कर. झाले बरोबर ८४,०००.

त्याच तक्त्यात तू एप्रिल ते मार्च अशीही एक बेरीज मारली आहेस. ती जीएसटीची सवय. आपल्याकडे सेवेला २० लाखांची मर्यादा आर्थिक वर्षावर मोजतात. इथे ९०,००० पौंडांची मर्यादा कुठल्याही सलग बारा महिन्यांवर आहे आणि दर महिनाअखेरीला नव्याने मोजायची. नवा महिना आत येतो, वर्षापूर्वीचा तोच महिना बाहेर पडतो. मर्यादा ओलांडली की त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत एचएमआरसीला, म्हणजे इथल्या करखात्याला, कळवायचं, आणि नोंदणी लागू होते त्या महिन्यानंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या १ तारखेपासून. जूनअखेर ओलांडली तर ३० जुलैपर्यंत अर्ज, १ ऑगस्टपासून व्हॅट. कळवायला विसरला तरी व्हॅट १ ऑगस्टपासूनच द्यावा लागतो, गिऱ्हाइकाकडून घेतलेला असो वा नसो, आणि वर दंड.

मदतनीस स्वतःचा धंदा करणारा असला आणि निम्मे पैसे त्याला जात असले, तरी गिऱ्हाईक जर आपल्या अशिलाचं असेल तर पूर्ण रक्कम अशिलाच्याच उलाढालीत येते. पन्हळी साफ करणं, सोलर पॅनल धुणं, सगळं धर. जुनी व्हॅन विकली तर ती रक्कम मात्र धरू नकोस, ती भांडवली वस्तू.

आता खरा प्रश्न. तू खाली बारीक अक्षरात लिहिलंयस की त्याला फ्लॅटच्या इमारतींचं नवं काम मिळतंय, डिसेंबरपासून महिना ९०० पौंड. सगळा निर्णय त्या ओळीत आहे. महिन्याला सरासरी ७,००० धर. डिसेंबरपासून दर महिन्याला बेरीज ९०० ने चढत जाईल: डिसेंबरअखेर ८४,९००, मार्चअखेर ८७,६००, मेअखेर ८९,४००, जूनअखेर ९०,३००. म्हणजे जूनला गेला. त्यात एप्रिलपासून घरगुती दरात पाच टक्के वाढ करायची म्हणतोय, ती घातली तर मेअखेर ८९,९५०. पन्नास पौंडांनी वाचला. मे महिन्यात कुणी शेजाऱ्याने 'आमचीही पन्हळ बघा' म्हटलं आणि याने मान डोलावली, की तारीख १ ऑगस्टवरून १ जुलैवर आली.

ओलांडल्यावर काय होतं ते एका घरावर बघ. तीन बेडरूमचं घर, दर चार आठवड्यांनी, १५ पौंड. घरमालकाला व्हॅट परत मिळत नाही, त्याच्या दृष्टीने १५ म्हणजे १५. दर तोच ठेवला तर त्यातला सहावा हिस्सा, अडीच पौंड, सरकारचा. सहावा का, ते तुला सांगायला नको: १०० वर २० म्हणजे १२० मधले २०. घर धुण्याच्या कामाला इथे कुठलाही सवलतीचा दर नाही, सरळ २० टक्के.

बरं, खर्चावरचा व्हॅट परत मिळतो ना, असं तू म्हणशील. मिळतो, पण या धंद्यात खर्चच नाही. सगळं काम पाण्यावर. नळाचं पाणी मेम्ब्रेन (गाळणीचा पडदा) आणि रेझिन (क्षार शोषणारे दाणे) यांमधून काढून क्षार शून्यावर आणायचे, व्हॅनमधल्या टाकीत भरायचं, लांब पोकळ दांड्याच्या ब्रशातून काचेवर सोडायचं. ते पुसावं लागत नाही, वाळलं तरी डाग पडत नाही. डाग दिसायला लागले की रेझिन संपलं समजायचं. माल जवळजवळ नाही, आहे ती मेहनत, आणि मजुरीवर परत मिळवायला व्हॅट नसतो. विम्यावरही नाही. तुझ्याच तक्त्यातून डिझेल २,६४०, व्हॅनची दुरुस्ती आणि टायर १,३२०, दांडे-रेझिन-ब्रश १,८००, फोन-सॉफ्टवेअर-हिशेबनीस १,४४०. एकूण ७,२००, त्यात व्हॅट १,२००. बस.

आता मांडणी कर. घरगुती गिऱ्हाइकं वर्षाला ६६,०००. दर न वाढवता नोंदणी झाली तर त्यातले ११,००० गेले. दुकानं, कचेऱ्या १८,०००, ती स्वतः नोंदणीकृत असतील तर त्यांच्या बिलावर २० टक्के वर लावायचे, त्यांना ते परत मिळतात, कुणाचं काही जात नाही. राहिलं नवं काम, वर्षाला १०,८००. इथे जरा थांब. फ्लॅटच्या इमारतीचा खर्च शेवटी रहिवाशांच्या कंपनीवर पडतो, ती बहुतेक वेळा व्हॅट नोंदणीकृत नसते. तेव्हा इमारतींचं काम बघणाऱ्या एजंटाने '९०० म्हणजे सगळं धरून ९००' म्हटलं, तर त्यातलेही १,८०० गेले. बेरीज: ११,००० अधिक १,८००, वजा परत मिळणारे १,२००. नुकसान ११,६००. ज्या कामासाठी हे ओढवून घेतलं ते १०,८०० चं! वर्षभर इमारती धुवायच्या आणि आधीपेक्षा ८०० पौंड कमी घरी न्यायचे. नाकापेक्षा मोती जड. एजंट ९०० वर व्हॅट वेगळा द्यायला तयार झाला तरी हातात उरतात १,०००, त्यातून मजुरी आणि डिझेल.

म्हणून गिऱ्हाइकांची यादी उघडून प्रत्येकापुढे एकच खूण कर: याला व्हॅट परत मिळतो की नाही. नावावरून ठरवू नकोस. मोटार गॅरेज, रेस्टॉरंट, वकिलाची कचेरी यांना साधारण मिळतो. दातांचा दवाखाना, डॉक्टर, वृद्धाश्रम धंदा म्हणून मोठे असतील, पण त्यांची सेवा करमुक्त, म्हणून खर्चावरचा व्हॅट त्यांच्याच गळ्यात. कोपऱ्यावरचा न्हावी बहुधा स्वतःच मर्यादेखाली. सरकारी शाळांना मिळतो. खाजगी शाळांना आधी मिळत नव्हता, पण १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्या फीवर व्हॅट लागला, तेव्हापासून त्यांचंही चित्र बदललं. शंका असेल तर त्यांच्या बिलावर नंबर आहे का बघ, तो सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो.

यादीत व्हॅट परत मिळणारे जास्त असतील, तर मर्यादेखाली असतानाच स्वखुशीने नोंदणी करणं शहाणपणाचं. चार वर्षांपर्यंत जुन्या, अजून वापरात असलेल्या वस्तूंवरचा व्हॅटही परत मागता येतो, सेवांवरचा सहा महिन्यांपर्यंतचा. बिलं हवीत मात्र. तुझ्या खिडकीवाल्याची यादी तशी नाही.

फ्लॅट रेट योजना सुचवायचा मोह होईल, कारण आपल्या जीएसटीतल्या छोट्या धंद्यांच्या कंपोझिशन योजनेसारखी वाटते. आहे उलटी. कंपोझिशनमध्ये ६ टक्के स्वतःच्या खिशातून आणि गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही. इथे गिऱ्हाइकाकडून २० टक्के घ्यायचे आणि एकूण जमेवर ठरलेला टक्का भरायचा, खर्चावरचा बहुतेक व्हॅट विसरायचा. पण २०१७ च्या एप्रिलपासून ज्यांचा माल जमेच्या २ टक्क्यांहून कमी, किंवा वर्षाला १,००० पौंडांहून कमी, त्यांना १६.५ टक्के. मालात डिझेल धरत नाहीत, भांडवली वस्तू म्हणून दांडेही नाहीत. रेझिन, साबण, फडकी यांवर वर्षाला दोन हजारांचा माल लागायला हा माणूस राजवाडे धुतो का? तेव्हा १६.५ च. १२० च्या जमेवर १९.८० भरायचे, म्हणजे शंभराच्या कामामागे वीस पेन्स त्याला. पहिल्या वर्षी एक टक्का सूट मिळते, तरी साधी पद्धतच बरी. पैसे आल्यावरच व्हॅट द्यायची कॅश अकाउंटिंगची सोय तेवढी घे.

आणखी एक सल्ला त्याला कुणीतरी मित्र देणारच आहे: घरांचं काम बायकोच्या नावावर, दुकानांचं तुझ्या, म्हणजे दोघंही मर्यादेखाली. व्हॅन एक, दांडा एक, फोन एक, पत्रकावर नाव एक. एचएमआरसी अशा जोड्या ओळखते, दोन्ही धंदे एकच धरायचा आदेश काढते. आदेश पुढच्या तारखेपासून लागू होतो, पण मुळात धंदा वेगळा नव्हताच असं ठरलं तर मागची सगळी वर्षं उकरली जातात. बायको खरंच वेगळी व्हॅन, वेगळी गिऱ्हाइकं, वेगळं बँक खातं घेऊन करत असेल तर गोष्ट निराळी.

मग काय लिहायचं? दोन वाटा दे, तिसरी नको.

पहिली, मर्यादेखाली राहायचं. नवं काम घ्यायचं असेल तर त्या बदल्यात लांबची, पैसे बुडवणारी घरं सोडायची, म्हणजे बेरीज ८८ हजारांच्या आसपास थांबते. दर महिनाअखेरीला बेरीज, नोंद तारखेसह. एकदाच मोठं काम येऊन ओलांडली आणि पुढच्या बारा महिन्यांत ८८,००० वर जाणार नाही हे दाखवता आलं, तर सूट मागता येते, पण मागावी लागते, तीही ३० दिवसांत. मला विचारशील तर हा माणूस एकटा, एक मदतनीस, दुसरी व्हॅन घ्यायची इच्छा नाही. त्याला हीच वाट.

दुसरी, उडी मारायची तर लांब मारायची. ९०,००० ला विनानोंदणी जेवढं हातात येतं तेवढं नोंदणीनंतर, घरगुती गिऱ्हाइकंच धरली आणि दर तेच ठेवले तर, यायला १,०६,५६० ची जमा लागते. ९० ते १०६ मधला पट्टा म्हणजे फुकटची हमाली. तिथे रेंगाळायचं नाही. आणि दर वाढवायचा तर पूर्ण: १५ चे १८. साडेसोळा करून दोन्हीकडून मार खायचा नाही, त्यात हातात पावणेचौदाच उरतात. गिऱ्हाइकं जातील अशी त्याला भीती आहे, तर हे गणित दाखव: १५ वर ठेवून सहा घरांचे हातात ७५. १८ करून सहातलं एक घर गेलं, पाच घरांचे हातात पुन्हा ७५. पैसे तेवढेच, घर एक कमी. सहातलं एकाहून जास्त गेलं तरच तोटा.

वाढ मात्र नोंदणीच्या तारखेलाच, आधी नाही. आधी वाढवली तर तीच वाढ बेरीज फुगवते. घरांत चिठ्ठी महिनाभर आधी टाकायची, म्हणजे मधल्या एका फेरीत बोलायला वेळ मिळतो. नंबर हातात येईपर्यंत बिलावर व्हॅट वेगळा दाखवता येत नाही. तेवढ्या काळात किंमत वाढवून घ्यायची आणि नंबर आला की ३० दिवसांत व्यावसायिक गिऱ्हाइकांना व्हॅटसह नवी बिलं द्यायची.

कागदपत्रांची कटकट हे कारण त्याने पुढे केलं तर फारसं ऐकू नकोस. त्रैमासिक रिटर्न सॉफ्टवेअरमधूनच, मुदत तिमाहीनंतर एक महिना आणि सात दिवस, मार्चअखेरचं ७ मेपर्यंत. पण ५०,००० वर जमा असलेल्या स्वयंरोजगारवाल्यांना ६ एप्रिल २०२६ पासून आयकरासाठीही दर तिमाहीला डिजिटल हिशेब पाठवायचाच आहे. ते काम तुझ्या टेबलावर असंही येणार.

एजंटाला आजच एक ओळ लिहायला सांग: ९०० वर व्हॅट लागू झाल्यास वेगळा, हे कराराच्या कागदावर हवं. नाही म्हणाला तर निदान सही करण्याआधी कळेल. सुधारलेला तक्ता रविवारपर्यंत पाठव, नोव्हेंबर २०२४ चा तो दुरुस्त रकाना लाल कर.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते पत्रात एका ओळीनेही लिहिलं नाहीस. बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई