नान्नजच्या माळावरच्या शास्त्रज्ञांशी बोला की ओ, आणि ते आम्हाला मराठीत वाचू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरचा जुना वाचक. जुळे सोलापुरात माझं मेडिकलचं दुकान आहे, सकाळी शटर उघडलं की आधी पेपर मग बाकीचं. बुद्ध पौर्णिमा झाली की दरवर्षी नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यातल्या जनावरांच्या मोजणीची बातमी येते, पाणवठ्यावर मचाण बांधून रात्रभर बसले, काळवीट इतके, लांडगे इतके, खोकड म्हणजे लहान कोल्हे इतके आणि माळढोक एक, नाहीतर माळढोक दिसलाच नाही. पाच-सहा ओळी आणि एक फोटो, तोही बऱ्याचदा जुनाच. मी ती बातमी दरवर्षी दोनदा वाचतो कारण माझं आजोळ मार्डीचं, नान्नजच्या शेजारचं, लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी त्याच माळावर गेली. पण वाचून झालं की मनात तेच येतं, आकडा तर कळला, पण तो असा का झाला हे कोण सांगणार? ते सांगू शकणारी माणसं आहेत. आपल्याच जिल्ह्यात येऊन त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय, फक्त त्यांच्याशी बसून कोणी बोलत नाही.

हे पत्र त्याच्यासाठीच लिहितोय.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, मामाच्या ज्वारीच्या रानात हुरडा खायला गेलो होतो. बांधापलीकडं माळावर एक पोरगा हातात अँटेना धरून उभा, टीव्हीच्या जुन्या अँटेनासारखी, आणि कानाला हेडफोन. मामाला वाटलं मोबाईल टॉवरवाला असेल. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाला, खोकडाच्या गळ्यात रेडिओ कॉलर आहे, त्याचा आवाज ऐकतोय. त्याला बोलावून हुरडा दिला, शेंगा चटणी दिली, आणि तो तासभर बोलला. तेवढ्या तासात मला माळाबद्दल जे कळलं ते आधीच्या पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं.

तो म्हणाला, खोकड शेतात फार का येत नाही माहितीय का? आम्ही म्हणालो, माणसाला भितंय. तर म्हणे माणसापेक्षा कुत्र्याला. गावातली कुत्री रात्री रानात फिरतात, खोकड त्यांना टाळतं म्हणून गवतातच राहतं. नुसता अंदाज नाही हा, नान्नजला शास्त्रज्ञांनी प्रयोग करून बघितलाय, खाणं ठेवून जवळ कुत्रा ठेवला तर खोकड खायचं कमी करून सारखं मान वर करून बघत राहतं. दोघांची विष्ठा गोळा करून खाण्याचाही अभ्यास झालाय, खोकडाचं पोट उंदीर, किडे आणि बोरांवर, कुत्र्याचं पोट माणसानं टाकलेल्या अन्नावर आणि मेलेल्या जनावरांवर. म्हणजे दोघांची खाण्यावरून मारामारी नाहीच. आपण उकिरड्यावर जे टाकतो त्याच्यावर कुत्री वाढतात आणि ती वाढली की खोकडाची जागा कमी होते. मामा ऐकून गप्प झाला, कारण त्याच्या वस्तीमागं कोंबड्यांची घाण टाकायचा खड्डा होता आणि तिथं दहा-बारा कुत्री कायम असायची. पुढच्या महिन्यात मामानं तो खड्डा बुजवला. कोणी नोटीस दिली नव्हती, दंड नव्हता, एका माणसानं कारण समजावून सांगितलं एवढंच.

कुत्र्यांचं प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही. नान्नज भागातल्या कुत्र्यांच्या आणि खोकडांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्यात, डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांसाठी. माझ्या दुकानात लोक पाळीव कुत्र्यासाठी औषधं मागतात म्हणून मला हे लगेच समजलं, पण गावात कुत्र्याला लस देणं म्हणजे जंगली जनावराचंही काम आहे हे किती सरपंचांना माहिती असेल? आणि 2023 ला पुण्याजवळच्या लांडग्यांचा डीएनए तपासून त्यात कुत्र्याचं रक्त मिसळलंय हे सिद्ध झालं. आपल्या सोलापूरच्या लांडग्यांचं काय, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडलाय आणि विचारायला कोणी नाही.

आता लांडग्याचंच घ्या. नव्वदच्या दशकात सतीश कुमार आणि असद रहमानी या शास्त्रज्ञांनी सोलापूर जिल्ह्यातल्या लांडग्यांवर अभ्यास केला, शेतीच्या मधल्या तुटक्या माळावर लांडगा कसा जगतो, मेंढरं किती उचलतो, हे सगळं बीएनएचएसच्या जर्नलमध्ये छापून आलं. बीएनएचएस म्हणजे मुंबईची 1883 पासूनची संस्था, सलीम अली साहेबांची. तीस वर्षं होत आली त्याला. आमच्या मार्डीत एकालाही हे माहिती नाही, ज्यांची मेंढरं गेली त्या धनगरांनाही नाही. अभ्यास आमच्या मेंढरांचा आणि तो आमच्यापर्यंत कधी आलाच नाही, हे मला फार लागतं. शास्त्रज्ञांना दोष देत नाही मी, त्यांना इंग्रजीतच लिहावं लागतं, त्यांचं करिअर त्याच्यावर असतं. पण मधला पूल कोण बांधणार? माझ्या मते ते काम पेपरचंच.

माळढोकाबद्दल तर इतका गैरसमज आहे की बोलायची सोय नाही. 1979 ला अभयारण्य झालं ते जवळपास 8,500 चौरस किलोमीटरचं, उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि नगरकडचे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. त्यात लोकांची शेतं, घरं, गावंच्या गावं आली, जमिनीचे व्यवहार अडकले आणि लोकांनी सगळा राग पक्ष्यावर काढला. नंतर ते कमी करून 1,200 च्या आसपास आणलं. आजही म्हातारी माणसं माळढोकाचं नाव काढलं की सातबाऱ्याचं बोलतात, आणि त्यांचंही चुकलेलं नाही. पण तो पक्षी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर, कुत्र्याच्या नाहीतर मेंढराच्या पायाखाली गेलं की वर्ष वाया. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. डोळे डोक्याच्या बाजूला, उडताना खाली बघायला मान वाकवली की समोरचं दिसत नाही, विजेची तार दिसली तरी एवढ्या वजनाला ऐनवेळी वळता येत नाही. आता देशात दीडशेच्या आत उरलेत, बहुतेक सगळे जैसलमेरकडं. तिकडं 2019 पासून अंडी गोळा करून मशीनमध्ये उबवतात, पिल्लं वाढवतात. 2021 ला सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखाली घाला म्हणून आदेश दिला, 2024 ला तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. हे सगळं मी तुकड्या-तुकड्यानं गोळा केलंय. नान्नजमध्ये राहणाऱ्या माणसाला जैसलमेरच्या पिल्लांचं काय चाललंय आणि ती कधी आपल्या माळावर येऊ शकतील का, हे त्या कामातल्या माणसाच्या तोंडून वाचायला मिळालं तर किती बरं होईल. आपल्याकडं नान्नजचं नाव दोन गोष्टींनी झालं, द्राक्षं आणि माळढोक. द्राक्षाचं सगळं तुम्ही छापता, सोनाका कुठली, शरद कुठली, भाव काय, फवारणी काय. दुसऱ्याचं पण छापा.

गेल्या पावसाळ्यात एक प्रसंग झाला तो सांगतो. माझी मुलगी सातवीला आहे, तिच्या शाळेची पोरं बसमधून माळावर नेली झाडं लावायला. पवन्या आणि कुसळी गवत वाढलेला चांगला माळ, त्यात ओळीनं खड्डे. मी पण गेलो होतो. तिथल्या एका जबाबदार माणसाला म्हणालो, साहेब इथं झाडं कशाला, हे गवताचंच रान आहे. ते म्हणाले, पडीक जमीन आहे ओ, हिरवी करायला नको का? मन चांगलं होतं त्यांचं, मी वाद घातला नाही. पण घरी येताना पोरगी म्हणाली, पप्पा तिथं एक टिटवी सारखी ओरडत होती आमच्या डोक्यावर. तिची अंडी असणार तिथं कुठंतरी. मला रात्री झोप लागली नाही.

राज्यानं 2019 ला 33 कोटी झाडांचं टार्गेट ठेवलं होतं, झाडं लावण्याला माझा विरोध नाही, सोलापूरच्या उन्हात सावली कोणाला नको? रस्त्याकडंनं लावा, वस्तीत लावा, शाळेत लावा. पण माळ म्हणजे मेलेलं जंगल नाही. कमी पावसाच्या भागात हजारो वर्षांपासून गवतच आहे, त्याचा कार्बन जमिनीखाली मुळांत असतो, त्याच्यावर काळवीट, धाविक, चंडोल, थंडीत येणारे भोवत्ये असे पक्षी आणि धनगरांची मेंढरं जगतात. शास्त्रज्ञांनी सॅटेलाईटवरून नकाशा केलाय, अशी उघडी रानं देशाच्या साधारण 10 टक्के जमिनीवर आहेत आणि त्यातली 5 टक्केसुद्धा संरक्षित नाहीत. सरकारी कागदावर मात्र बरीचशी पडीकच. 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. सोलापूर एवढा मेंढरांचा जिल्हा, याच्याहून चांगला मुहूर्त कुठला?

तर विनंती अशी. पंधरा दिवसातून एकदा अर्धं पान द्या. माळावर, उजनीवर, हिप्परग्याच्या तलावावर काम करणाऱ्या एका संशोधकाशी निवांत गप्पा मारा आणि त्या प्रश्नोत्तरात छापा, आपल्या मराठीत. सत्कार आणि भाषण नको. किती उरले एवढंच विचारू नका, तुम्हाला हे कळलं कसं ते विचारा, कुठं चुकलात ते विचारा, कारण त्या अँटेनावाल्या पोरानं आम्हाला सांगितलं होतं की तीन रात्री एकही सिग्नल आला नाही आणि चौथ्या रात्री खोकड गाडीपासून शंभर पावलांवर बिळात निघालं. हे सांगितल्यावरच मामाचा त्याच्यावर विश्वास बसला. आणि बोलणं एकतर्फी नको. मार्डीचे एक धनगर आजोबा आहेत, लांडग्यानं वर्षाला एखादं कोकरू नेलं तर ते त्याचा वाटा म्हणून सोडून देतात, पिल्लं असताना त्या ओढ्याकडं कळप नेत नाहीत. असा माणूस आणि शास्त्रज्ञ एका घोंगडीवर बसले तर दोघांनाही काहीतरी मिळेल.

पहिले प्रश्न मी मामाकडून लिहून आणलेत, त्यानं सांगितले तसेच देतो. हरणं आमची ज्वारी खातात, लांडगे वाढले तर हरणं कमी होतील का? माळावरची गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं काढली तर तिथं गवत परत यायला किती वर्षं लागतात? मेंढरं माळावर अजिबात सोडली नाहीत तर गवत जास्त वाढतं का बिघडतं? आणि माळढोकाचा तो हूम आवाज लहानपणी मार्डीपर्यंत ऐकू यायचा, तो वाऱ्यानं यायचा का पक्षीच जवळ असायचे?

मामा आता 71 वर्षांचा आहे. गप्पा त्याच्या रानात ठेवायच्या असतील तर जानेवारीत हुरडा असतो, बसायची सोय मी करतो.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर